आमच्या वेस्टर्नमधला काका

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी बाईच्या किचनमध्ये एक कपाट असं असतंच, की दार उघडलं की दह्याचे रिकामे डबे अंगावर येतात. ते कुणी मुद्दाम जमवत नाही. एक धुऊन ठेवला, मग दुसरा ठेवला, असं करता करता एक दिवस दारच लागेनासं होतं. किस्स्यांचंही तसंच असतं बघा!

बर्वे म्हणाले, "काकू, मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आपल्या नाटकाचे किस्से लिहा. काहीतरी हलकंफुलकं. लोकांना हसवा." मी म्हटलं, लिहिते की. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की हसायचे किस्से पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाच्या बुडाशी एकच गोष्ट चिकटलेली आहे. ती खरवडल्याशिवाय काही डबा स्वच्छ होणार नाही.

मी शॉमबर्गच्या आपल्या कॉम्प्लेक्समधली नलूकाकू. मूळची बार्शीची, शिक्षण जुनी अकरावी. आमचे हे मशीन शॉपमध्ये नोकरीला, आणि मी घरी आयटीवाल्यांची पोरं सांभाळते. माझी किचनची खिडकी पार्किंग लॉटवर उघडते. कुणाची गाडी कुणाच्या दारात किती वेळ उभी होती, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. दिसतंच!

*

सगळी सुरुवात एका सिनेमाने झाली.

शिरीष बर्वे, बिल्डिंग नंबर तीन, डेटाबेसवाले, पुण्याचे. कॉलेजात असताना लेक्चर बुडवून मॅटिनीला काउबॉयचे सिनेमे बघितलेला माणूस. २००५च्या जानेवारीतली गोष्ट. बाहेर गुडघाभर बर्फ, रविवार दुपार, कुणालाच कुठे जाता येईना. बर्वेंनी क्लबहाउसमध्ये एक जुना इटालियन वेस्टर्न लावला. लायब्ररीची कॅसेट. पंधरावीस जण आपापले डबे घेऊन जमलो.

गोष्ट अशी. मुलगा लढाईवरून घोड्यावर बसून घरी येतो. बघतो तर बापाचा खून झालेला, बापाच्या सख्ख्या भावाने रँच, म्हणजे गुराढोरांचा मळा, बळकावलेला आणि आईशी लग्नही केलेलं! मग तो सूड घेतो, आणि शेवटी बहुतेक सगळेच मरतात. बर्वे म्हणाले, ही मुळात चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी नाटकातली राजपुत्राची गोष्ट. इटलीवाल्यांनी राजवाड्याचा रँच केला आणि राजपुत्राला घोड्यावर बसवलं.

सिनेमा इटालियनमध्ये बोललेला, वरून इंग्रजी आवाज चिकटवलेले. नट तोंड मिटायचा तरी आवाज चालूच! लोक वैतागले. "साउंड बिघडलाय का?"

आमचे हे शांतपणे म्हणाले, "बिघडलेलं काही नाही. तोंड बंद झाल्यावरही बोलणं चालूच राहतं, अशी माणसं असतात. मी सत्तावीस वर्षं बघतोय!"

क्लबहाउस हसून हसून लोळलं. मीही हसले. तेव्हा हसले.

*

सिनेमा संपला तेव्हा बर्वेंच्या डोळ्यांत पाणी. "यंदा दिवाळीला आपण हे मराठीत करायचं!" उन्हाळ्यापर्यंत त्यांनी नाटक लिहूनही काढलं. नाव, 'रँचवरचा सूड'.

वाचनाला सगळे आमच्याकडे जमले. बापाच्या भुतापासून शेरीफपर्यंत सगळी कामं वाटून झाली, आणि गाडी अडली आईपाशी. आईचं काम करायला एकही बाई तयार होईना!

"नवरा गेल्यावर दिराशी लग्न करणारी बाई? नको हो, माझ्या सासूबाई येणार आहेत बघायला."

"आमच्याकडे व्हिडिओ इंडियाला पाठवतात, काय म्हणतील?"

बर्वे हातापाया पडले. "अहो, नाटक आहे! तिच्यावाचून गोष्टच उभी राहत नाही!" शेवटी काही जमेना, तेव्हा त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या पानावर एक वाक्य घातलं, "आई माहेरी गेली आहे." संपूर्ण नाटकभर नवऱ्याचा खून झाला, रँच गेला, मुलगा पिस्तूल घेऊन फिरतोय, आणि ही बाई आपली माहेरी!

मी इतकी हसले की चहा सांडला. समोर वैशाली बसली होती. ती खाली बघून प्लेटमधले पोहे चमच्याने इकडून तिकडे करत होती. ते मला दिसलं. दिसतं मला सगळं. कळायला मात्र उशीर लागतो.

वैशाली माझी शेजारीण, भिंतीला भिंत. इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तिचा नवरा सुनील त्याच्या दोन वर्षं आधी हार्ट अटॅकने गेला, एकेचाळीसाव्या वर्षी. मागे ही आणि मुलगी ऋचा, नाटकाच्या वर्षी पंधरा वर्षांची. आणि बिल्डिंग नंबर चारमध्ये अरविंद, सुनीलचा नागपूरचा कॉलेजचा रूममेट. एकटा जीव. सुनील गेल्यापासून वैशालीची गाडी बर्फातून मोकळी करणं, ऑइल बदलून आणणं, ऋचाला व्हायोलिनच्या क्लासला सोडणं, सगळं न सांगता करायचा. आणि दारातूनच परत जायचा. मी हाक मारायची, "अरे अरविंद, चहा तरी घे!" तर म्हणायचा, "नको काकू, गाडी सुरू ठेवून आलो."

*

हिरोचं काम कुणी मुलगा करेना. एकाचं सॉकर, एकाचा एसएटीचा क्लास, एकाचं नुसतंच "नो वे." शेवटी ऋचा म्हणाली, "आय विल डू इट. इट्स जस्ट अ हॅट, राइट?" हॅट घातली आणि पोरगी अशी उभी राहिली की बर्वेंनी तिथल्या तिथे रोल देऊन टाकला.

काकाच्या रोलला मिशी पाहिजे होती. आपल्या आयटीवाल्यांमध्ये खरी मिशी एकट्या अरविंदला. तो लाजरा माणूस, स्टेजवर कधी चढलेला नाही. पण हो म्हणाला. का म्हणाला, ते मला नंतर कळलं. रिहर्सलचा हॉल लांब, तेव्हा ऋचाला नेआण करायची म्हणजे गाडीत पोरीबरोबर रोज वीस मिनिटं मिळणार!

पहिल्याच रिहर्सलला ऋचा गरजली, "काकाने माझ्या बापाचा खून केला!" मी सांभाळायला घेतलेला साडेचार वर्षांचा आरुष तिथे खेळत होता. त्याने आजूबाजूला पाहिलं. हॉलमध्ये अकरा पुरुष, आणि त्याला शिकवल्याप्रमाणे अकराच्या अकरा काका!

त्याने रडवेल्या आवाजात विचारलं, "विच वन?"

पुढचे पंधरा दिवस तो पोरगा कुठल्याच काकाच्या कडेवर जाईना. बर्वे तर त्याला दिसले की थेट टेबलाखाली!

*

ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी आणि वैशाली लाँड्री रूममध्ये चादरींच्या घड्या घालत होतो. तिच्या हातात दोन टोकं, माझ्या हातात दोन. चादर जवळ आणता आणता ती हळूच म्हणाली, "काकू, अरविंदने विचारलंय."

"काय विचारलंय?" मी म्हटलं. जसं काही मला माहीतच नव्हतं!

"लग्नाचं. मी हो म्हणणार आहे. पण त्याआधी ऋचाशी बोलायचंय. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही दोघीच कुठेतरी जाऊ, तेव्हा मी तिला सांगेन. माझ्या तोंडून, माझ्या पद्धतीने. बाबांची ती फार लाडकी होती हो. तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर सगळं संपेल. तोवर कुणाला म्हणजे कुणाला नाही."

"माझ्या पोटात राहील," मी म्हटलं.

आणि खरंच राहिलं. मी बर्वीणबाईंना सांगितलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नाही, आणि ते किती अवघड आहे हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. स्वतःचंच कौतुक वाटत होतं मला. पोळ्या लाटताना मनात म्हणायची, बघा, उगीच नावं ठेवता नलूला!

*

नाटकात मी प्रॉम्प्टर. शिवाय ऋचाला मराठी समजावून द्यायचं काम माझ्याकडे. पोरगी मराठी बोलायची ती मोडकंतोडकं, आणि वाचायची रोमन लिपीत. रोज शाळा सुटली की स्क्रिप्ट घेऊन माझ्या किचनमध्ये.

सप्टेंबरातली दुपार होती. शेवटच्या प्रवेशात तिचं वाक्य असं होतं, "काका, तू माझ्या बापाची जागा घेतलीस!"

"काकू, व्हॉट इज 'जागा घेतलीस'? लाइक, ही टुक हिज सीट?"

"सीट नाही गं बाई."

"मग? लँड? पार्किंग?"

माझे हात कणकेत, तव्यावर पोळी. उदाहरण देऊन सांगितलं की पोरांना चटकन कळतं, हा माझा नेहमीचा अनुभव. आणि उदाहरण तर समोरच होतं.

"अगं, आता बघ. तुझे बाबा जी कामं करायचे, गाडीचं, बर्फाचं, तुझ्या क्लासचं, ती आता अरविंदकाका करतो की नाही? उद्या तो तुमच्या घरी कायमचा आला, की झाली जागा घेऊन!"

ती पेन्सिल धरून तशीच बसली. मग म्हणाली, "कायमचा?"

मला वाटलं, हाही शब्द अडला. मी पोळी उलटवत म्हटलं, "कायमचा म्हणजे फॉरेव्हर."

तिने स्क्रिप्टच्या मार्जिनमध्ये लिहून घेतलं. मी वाकून स्पेलिंगसुद्धा बघितलं!

*

आता जरा हसायचं.

नाटकाची जाहिरात बर्वेंनी कंप्युटरवर मराठीत टाइप केली. नवीन फॉंट, कुठल्या कीला कुठलं अक्षर कुणाला माहीत नाही. दोनशे पत्रकं छापून वाटली, तेव्हा कळलं, वर ठळक अक्षरांत आहे, 'रँचवरचा सूप'.

मला तीन फोन आले. तिघींचाही प्रश्न एकच. "काकू, सूप व्हेज आहे ना?"

त्याहून मोठी पंचाईत पुढेच होती. हॉल होता शाळेचा. शाळेच्या असिस्टंट प्रिन्सिपल बाईंनी बर्वेंना बसवून घेतलं आणि सांगितलं, शाळेच्या आवारात पिस्तूल चालणार नाही. खेळण्यातलं नाही, लाकडी नाही, पुठ्ठ्याचंही नाही. नियम म्हणजे नियम. बर्वे तिथून आमच्याकडे आले ते अगदी पडक्या चेहऱ्याने. "पिस्तुलाशिवाय वेस्टर्न! काकू, हे म्हणजे मांडवाशिवाय लग्न!"

मी आंघोळ करून केस वाळवत होते. हातातल्या हेअर ड्रायरकडे पाहिलं. दस्ता आहे, नळी आहे, काळा रंग आहे, बोटाशी बटणही आहे!

मी कॉम्प्लेक्समधून हेअर ड्रायर गोळा केले. वायरी पट्ट्यात खोचून टाकल्या. नाटकाच्या दिवशी दारात असिस्टंट प्रिन्सिपल बाईंनी आमचं खोकं उघडून मोजलं. अकरा हेअर ड्रायर. "इतके?" असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी माझ्या इंग्रजीत उत्तर दिलं, "मॅडम, इंडियन विमेन. व्हेरी लाँग हेअर."

नाटकात शेरीफने कमरेचा ड्रायर काढून रोखला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजीबाई सुनेला मोठ्याने म्हणाल्या, "अगं, सगळ्यांनाच एकदम डोकं वाळवायची घाई कसली?"

*

तर रिहर्सली. सप्टेंबर संपला आणि ऋचाच्या कामाला अशी काही धार आली की विचारू नका. "काका!" म्हणाली की समोरच्याच्या अंगावर काटा. बर्वे नाचायला लागले. "मेथड ॲक्टिंग आहे हे! पोरगी कॅरेक्टरमध्ये गेली!"

मी म्हटलं, "मग? अर्थ कुणी समजावून दिलाय!"

त्याच सुमारास तिने अरविंदच्या गाडीतून जाणं बंद केलं. आमच्याकडे येऊन ह्यांना म्हणायची, "काका, कॅन यू ड्राइव्ह मी?" अरविंद मात्र रोज सहाला गाडी तिच्या दाराशी आणून लावायचा. दहा मिनिटं थांबायचा. मग एकटाच निघून जायचा. मी खिडकीतून बघायची.

एकदा मला लॉटमध्ये गाठून म्हणाला, "काकू, ऋचाचं काही बिनसलं आहे का? माझं काही चुकलं का?"

"छे रे! रोल चढलाय तिच्या अंगात. नाटक झालं की उतरेल बघ."

त्याला इतकं बरं वाटलं! हसला बिचारा. म्हणाला, "मग माझंही काम चांगलंच होऊन राहिलं म्हणायचं!"

*

नाटकाचा दिवस. शनिवारची दुपार, हॉल भरलेला, वैशाली तिसऱ्या रांगेत. मी विंगेत स्क्रिप्ट घेऊन.

शेवटचा प्रवेश. टेक्ससचं वाळवंट. म्हणजे मागे पिवळी चादर आणि पुठ्ठ्याचा निवडुंग. खुर्चीवर काका बसलेला, समोर ऋचा, हातात माझाच हेअर ड्रायर. आता तिने ओरडायचं. सगळ्या रिहर्सलींमध्ये ओरडली होती. पण त्या दिवशी ती ओरडली नाही. अगदी हळू, घरात बोलावं तसं म्हणाली, "काका, तू माझ्या बापाची जागा घेतलीस."

आता अरविंदने राक्षसासारखं हसून म्हणायचं, "रिकामी होती, मी बसलो! पुढे?"

तो गप्प. मी विंगेतून कुजबुजले, "रिकामी होती!" तो गप्प. मी जरा मोठ्याने, "अरे, रिकामी होती, मी बसलो!" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरून उठला, बाजूला झाला, आणि पोरीकडे बघून म्हणाला, "जागा त्याचीच आहे, बेटा. मी फक्त बर्फ काढून राहिलो होतो."

टेक्ससच्या वाळवंटात बर्फ! हॉल असा हसला की छप्पर उडायचं बाकी राहिलं. शिट्ट्या, टाळ्या! बर्वेंनी कपाळावर हात मारला. ऋचाचा ड्रायर खालीच होता. तिने गोळी झाडलीच नाही. अरविंद जरा वेळ थांबला आणि मग गोळी न लागताच आपला आपण आडवा झाला, कारण पडदा पाडायला कुणीतरी मरणं भाग होतं.

लोक हसत होते आणि मी विंगेत उभी होते. हातातल्या स्क्रिप्टवर, मार्जिनमध्ये, तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'kaymacha = forever'. घाईत पोरीचीच कॉपी माझ्या हाती आली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मंडळाने त्या दिवशी अरविंदला बक्षीस दिलं. उत्कृष्ट विनोदी अभिनय!

*

थँक्सगिव्हिंगला मायलेकी ठरल्याप्रमाणे दोघीच गेल्या, आणि एक दिवस आधीच परत आल्या. वैशाली माझ्याकडे दह्याला विरजण मागायला आली. वाटी हातात घेऊन उभी राहिली.

"कॅन्सल केलं, काकू."

"काय गं?"

"सगळंच. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, 'आय नो. फॉरेव्हर, राइट?' आणि मग काही बोललीच नाही. चार तास ड्राइव्ह करून आलो, एक शब्द नाही." मग वाटीकडे बघत म्हणाली, "तिला कुणी सांगितलं असेल हो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. समोर उभी होती, विचारत होती. मी म्हटलं, "हल्लीच्या पोरांना सगळं आपोआप कळतं."

आमचे हे म्हणतात, माझं तोंड बंद झाल्यावरही बोलणं चालू राहतं. त्या दिवशी तोंड चालू होतं, पण बोलायचं तेवढं राहिलं. वैशाली, हा अंक तुझ्याही घरी येतो. मीच सांगितलं होतं गं. पोळ्या लाटताना. शब्दाचा अर्थ म्हणून.

*

अरविंदने कुणाला दोष दिला नाही. कंपनीत ट्रान्सफर मागितली आणि जानेवारीत पार पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला निघाला. निरोप घ्यायला आला तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे बसून चहा प्यायला. पूर्ण कप.

काहीतरी बोलायचं म्हणून हे म्हणाले, "तिकडे बर्फ फारसा नसतो म्हणे. नुसता पाऊस."

अरविंद म्हणाला, "बरंच आहे ना काका. पाऊस काढावा लागत नाही."

तो गेल्यावर पुढच्याच आठवड्यात मोठा स्नो झाला. मी खिडकीतून बघते तर ऋचा. फावडं घेऊन आईच्या गाडीभोवतीचा बर्फ काढला. मग आमच्या गाडीभोवतीचा. मग चालत बिल्डिंग चारसमोर गेली आणि एक रिकामा स्लॉट साफ करायला लागली. मी खिडकी वर करून ओरडले, "अगं, तिथे कुणी नाही आता!"

वर न बघताच म्हणाली, "आय नो, काकू."

*

आणि हा शेवटचा किस्सा, त्यानंतर अडीच वर्षांनी, यंदाचाच.

जूनमध्ये ऋचाचं हायस्कूलचं ग्रॅज्युएशन झालं. शाळा प्रत्येक मुलाला चारच माणसं आणू देते. नावं आधी लिहून द्यायची. ऋचाने कुणाला न विचारता फॉर्म भरला. वैशाली, मी, हे, आणि चौथं तिकीट तिने पोस्टाने रेडमंडला पाठवलं. आईला कळलं ते आदल्या दिवशी, अरविंदचा "येतोय" म्हणून फोन आला तेव्हा. वैशालीने त्या दिवशी निळी साडी इस्त्री केली. ग्रॅज्युएशनला साडी! मी काही बोलले नाही. शिकतेय.

गेटवर अरविंद आला. मिशी काढलेली. बरोबर एक बाई, हातात हिरवा चुडा.

"ही माधवी," तो म्हणाला. "मार्चमध्ये झालं. नागपूरला, घरच्या घरीच. तिकीट त्यानंतर आलं." मग वैशालीला म्हणाला, "फोनवर सांगायला पाहिजे होतं. नाही जमलं."

वैशालीने पुढे होऊन माधवीचा हात हातात घेतला. "दमला असाल. फ्लाइट लांबची आहे." आवाज अगदी सरळ. साडीचा पदर मात्र दोनदा सारखा केला.

आता माणसं पाच आणि जागा चार. आमचे हे लगेच म्हणाले, "माझी जागा हिला द्या. इंग्रजी भाषणांत मी घोरतो, आणि पोरीची अब्रू जाते. मी गाडीत बसतो."

गेटवरच्या गोऱ्या बाई बऱ्या होत्या. त्यांनी यादी काढली, ह्यांचं नाव खोडलं, वर माधवीचं लिहिलं आणि विचारलं, "रिलेशन टू द स्टुडंट?"

अरविंद म्हणाला, "वाइफ."

"स्टुडंटची?"

मी मध्ये पडले. "आंट! वन मोअर आंट!"

बाई हसल्या, तसं लिहिलं, आणि सही करायला कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला. ऋचाच्या हातचा फॉर्म. चार ओळी. वैशालीपुढे 'मदर'. माझ्यापुढे 'आंट'. ह्यांचं नाव खोडलेलं, तरी पुढचं 'अंकल' वाचता येत होतं. अरविंदचं नाव सगळ्यांत खाली. त्याच्यापुढे 'अंकल' नव्हतं. वैशालीपुढच्या 'मदर'च्या जोडीचा शब्द होता, आणि पोरीने तो पेनाने दोनदा गिरवून ठळक केला होता.

मागून अरविंद माधवीला सांगत होता, "ही बिल्डिंग जिमची, हे ऑडिटोरियम." वैशाली माझ्या खांद्याशी आली. "काय झालं काकू? काय लिहिलंय?"

मी कागद उलटा करून बाईंच्या हातात दिला.

"काय की गं," मी म्हटलं. "चष्मा घरीच राहिला."

वैशालीने माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. मग माझा हात धरला, आणि आम्ही आत गेलो.